‘अल्ला’ची प्रार्थना करणारे कॅथलिक: माल्टाचे लोक आणि त्यांचे लोकजीवन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: माल्टाच्या लोकांची बोली अरबीसारखी वाटते, धर्म रोमन कॅथलिक आहे, आडनावे इटालियन वळणाची आहेत आणि शाळा-कचेऱ्यांत इंग्रजीही चालते, मग हे लोक मूळचे कोण, आणि ज्याला त्यांची स्वतःची लोकसंस्कृती म्हणता येईल असे काही उरते, की सगळेच राज्यकर्त्यांकडून उसने घेतलेले आहे? मी अरबी भाषा शिकवतो आणि भूमध्य समुद्राकाठच्या लोककथा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे माझे उत्तर भाषेपासून सुरू होते. बहुतेक पुस्तके किल्ल्यांपासून आणि सरदारांपासून सुरू होतात, आणि त्यामुळे माल्टाचा इतिहास म्हणजे तेथे येऊन गेलेल्या सत्तांची यादी, असा वाचकाचा समज होऊन बसतो.

सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेला हा बेटसमूह सगळा मिळून ३१६ चौरस किलोमीटरचा आहे. मुख्य बेट माल्टा, त्याच्या वायव्येला गोझो (स्थानिक नाव आउदेश) आणि मध्ये चिमुकले कोमिनो. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक भरली. एवढ्याशा जागेत बोलली जाणारी माल्टी ही सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या) कुळातली असूनही रोमन लिपीत लिहिली जाणारी आणि युरोपीय संघाची अधिकृत भाषा असलेली एकमेव भाषा आहे.

या भाषेतले काही शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील, कारण फारसीच्या वाटेने तेच अरबी शब्द आपल्याकडेही आले. आपण ‘सन १८१८’ म्हणतो त्यातला ‘सन’ माल्टीत ‘सेना’ आहे आणि त्याचा अर्थ वर्ष. आपला ‘हक्क’ तेथे ‘हाक्क’ होऊन न्याय या अर्थाने वापरला जातो. ‘मयत’ म्हणजे ‘मेय्येत’, ‘हयात’ म्हणजे ‘हय्या’, ‘दुनिया’ म्हणजे ‘दिन्या’ आणि ‘किताब’ म्हणजे ‘क्तीब’. धर्माच्या शब्दांत तर याहून मोठे आश्चर्य आहे. हे लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला ‘रान्दान’ म्हणतात, जे रमझानचेच रूप आहे. आणि ईस्टरसाठी वापरतात तो शब्द ‘ईद’पासून आलेला आहे. चर्चमध्ये गुडघे टेकून ‘अल्ला’ची करुणा भाकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा, वीस वर्षे अरबी शिकवूनही, क्षणभर गोंधळलो होतो.

तरीही माल्टीला अरबीची एक बोली म्हणणे अपुरे ठरते. तिच्या शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द सिसिलियन व इटालियन मूळचे आहेत, मात्र आकडे, सर्वनामे, नातीगोती आणि रोजच्या बोलण्यातली क्रियापदे अरबी घडणीची आहेत. ही गाठ कशी बसली आहे हे एका शब्दावरून दिसेल. खोली या अर्थाचा ‘कामरा’ हा शब्द इटालियन आहे, पण अनेक खोल्या म्हणायच्या झाल्या की माल्टी माणूस इटालियन अनेकवचन न करता अरबी पद्धतीने शब्द आतून मोडतो आणि ‘क्मामर’ म्हणतो. ‘खबर’चे ‘अखबार’ होते त्याच जातीची ही क्रिया आहे. वस्तू परकी आणि ती वळवण्याची रीत घरची, हा प्रकार या लोकांच्या गाण्यात, सणात आणि ताटातही दिसतो, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवावे.

ही गाठ पडली कशी, हे आता इतिहासातून पाहू. इ.स. ८७० मध्ये बेटे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्तेकडून अरबांनी जिंकली. त्यानंतर ती जवळजवळ ओस पडली आणि १०४८-४९ च्या सुमारास नव्याने वसवली गेली, असे एका अरबी भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. विद्वानांत यावर वाद आहे, तथापि आजच्या माल्टीत अरबांपूर्वीच्या भाषेचा जवळजवळ मागमूस नसणे हे त्या वृत्तांताशी जुळते. गावांची नावेही त्याच काळाची: इम्दिना म्हणजे मदिना, शहर, रबात म्हणजे तटाबाहेरची वस्ती, मर्सा म्हणजे बंदर. १०९१ मध्ये सिसिलीचा नॉर्मन सरदार रॉजर येऊन गेला. त्याने आपल्या निशाणाचा तुकडा फाडून माल्टाला दिला आणि त्यातून तांबडा-पांढरा ध्वज आला, ही कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, पण ती बरीच नंतरची रचना आहे. प्रत्यक्षात बेटांवरील मुसलमान समाज पुढे दीड शतकाहून अधिक काळ टिकून होता. तेराव्या शतकात उरलेल्यांना हाकलण्यात आले किंवा त्यांनी धर्म बदलला. सत्ता गेली, धर्म गेला, पण बोली राहिली, आणि नव्या धर्माला जुन्याच बोलीतले शब्द पुरवावे लागले.

या बोलीतली सर्वांत जुनी उपलब्ध कविता पंधराव्या शतकातली असून तिचा कर्ता पिएत्रु काशारो आहे. त्याच्या एका नातलगाने नोंदणी-दप्तराच्या पानावर ती उतरवून ठेवली होती. १९६६ मध्ये दोन संशोधकांना ती सापडली. वीस ओळींच्या त्या कवितेत चिकणमातीवर पाया घातल्यामुळे कोसळलेल्या घराचे दुःख आहे. घरबांधणीसाठी सगळीकडे मऊ पिवळसर चुनखडक असलेल्या बेटावर नेमकी चिकणमाती लागणे म्हणजे केवढे दुर्दैव, हे तिथल्या माणसालाच पुरते कळावे.

दगडांचाच विषय निघाला तर त्याहून जुनी हकीकत सांगावी लागते. गोझोवरील शारा गावाजवळचे जगन्तिया मंदिर इ.स.पू. ३६०० च्या सुमारास बांधायला घेतलेले, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुने आहे. हाजर ईम, इम्नाय्द्रा, तार्शीन आणि १९०२ मध्ये घरबांधणी करताना सापडलेले हाल सफ्लिनीचे भूमिगत दफनस्थळ ही त्याच संस्कृतीची कामे, इ.स.पू. २५०० च्या सुमारास ती संस्कृती संपली. तिचे लोक हे आजच्या माल्टी लोकांचे थेट पूर्वज आहेत असे पर्यटनाच्या पत्रकांत सूचित केले जाते; मला ते पटत नाही. लोककथेने मात्र या दगडांना आपलेसे केले. सान्सुना नावाची राक्षसीण बाकल्यासारख्या शेंगांचे दाणे खात खात एका खांद्यावर मूल आणि डोक्यावर शिळा घेऊन आली आणि तिने हे मंदिर रचले, असे गोझोचे शेतकरी सांगत. बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेली, पण बांधणीचे आश्चर्य उरले आणि त्या आश्चर्याला कोणीतरी बाईचे रूप दिले.

फिनिशियन, कार्थेजी आणि इ.स.पू. २१८ पासून रोमन असे राज्यकर्ते त्यानंतर आले. लोकमानसात त्यांच्यापैकी कोणीच उरलेले नाही. उरला आहे तो ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पॉल. इ.स. ६० च्या सुमारास कैदी म्हणून रोमला नेताना त्याचे जहाज या बेटावर फुटले, लोकांनी त्याला शेकोटी पेटवून दिली आणि फाट्यांतून निघालेला साप चावूनही त्याला काही झाले नाही, असा वृत्तांत बायबलमध्ये आहे. माल्टातले साप तेव्हापासून बिनविषारी झाले अशी लोकांची समजूत आहे, आणि ते विष बायकांच्या जिभेत गेले अशी पुरुषांची चेष्टाही. १० फेब्रुवारीला हा प्रसंग राष्ट्रीय सुट्टी म्हणून साजरा होतो.

सेंट जॉनच्या सरदारांविषयी आपण बरेच वाचले असेल, म्हणून त्यांच्याबाबत आटोपते घेतो. ऱ्होड्स गमावलेल्या या लढाऊ धर्मपंथाला सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये ही बेटे वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडणीवर दिली. १५६५ चा तुर्की वेढा त्यांनी मोडून काढला आणि १५६६ मध्ये पंथाचा प्रमुख (ग्रँड मास्टर) ला व्हालेत याने व्हॅलेटा या नव्या राजधानीचा पाया घातला. या कथेत सरदार सुमारे ५०० होते आणि त्यांच्या कितीतरी पट माल्टी शेतकरी, कोळी व कारागीर तटावर होते, हे क्वचितच सांगितले जाते. ‘माल्टीज क्रॉस’ म्हणून जगभर ओळखले जाणारे आठ टोकांचे चिन्हही त्या पंथाचे आहे, बेटावरच्या रयतेचे नव्हे.

रयतेच्या आठवणीत आहे ती चाचेगिरीची धास्ती. जुलै १५५१ मध्ये तुर्की दर्यावर्दी तुर्गुत रईसच्या आरमाराने गोझोवरचे सुमारे ५,००० लोक, म्हणजे जवळजवळ सगळे बेट, गुलाम करून नेले. लग्नाच्या उंबरठ्यावर असताना चाच्यांनी पळवलेल्या मोस्ता गावच्या नवरीचे एक जुने लोकगीत आहे. त्यात ती सुटकेचा पैसा भरण्यासाठी आईला, बापाला विनवते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: माल्टाचे खलाशी स्वतः चाचेगिरी करत आणि व्हॅलेटा हा मुसलमान गुलामांचा मोठा बाजार होता. जुन्या घरांत ‘हारेस’ नावाचा जो भूत-रखवालदार असतो, तो पुष्कळ कथांत त्या घरात मारला गेलेला तुर्क गुलाम असतो. तो कधी पोरांशी खेळतो, कधी गुप्तधन दाखवतो, आणि कोणी बोभाटा केला तर त्या धनाचा कोळसा करून टाकतो. घरातच मारलेल्या माणसाला त्याच घराचा राखणदार करणारी ही कल्पना मला माल्टाच्या लोककथांमध्ये सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

नेपोलियनने जून १७९८ मध्ये सरदारांना घालवले, पण त्याच्या सैन्याने चर्चमधली चांदी उचलायला सुरुवात केल्यावर २ सप्टेंबरला इम्दिन्यात उठाव झाला आणि शेतकऱ्यांनी फ्रेंचांना व्हॅलेटाच्या तटात दोन वर्षे कोंडून धरले. मदतीला आलेल्या ब्रिटिशांचे राज्य टिकले ते १९६४ पर्यंत. या काळात आपला एक धागा येथे येऊन मिळतो: १८७८ मध्ये रशियाशी युद्धाचा प्रसंग दिसू लागताच सुमारे ७,००० हिंदी सैनिक सुएझमार्गे माल्टाला आणले गेले, ते मुख्यतः मुंबई बंदरातून निघाले होते आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. ब्रिटिश अमदानीतले माल्टी लोकांचे दुखणे मात्र भाकरीचे आणि भाषेचे होते. ७ जून १९१९ रोजी महागाईविरुद्ध दंगल उसळली आणि तिच्यात सैनिकांच्या हातून चौघे मेले. तो दिवस आज राष्ट्रीय दिन आहे. न्यायालयात इटालियन चाले, म्हणजे आरोपीला स्वतःवरचा खटला समजत नसे. मिकिएल आन्तोन वस्साल्ली या विद्वानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस या बोलीचे व्याकरण व कोश रचला होता, तरी तिला अधिकृत दर्जा मिळायला १९३४ उजाडले.

आता लोकजीवनाकडे वळतो. माझ्या दृष्टीने त्याचा गाभा म्हणजे ‘आना’ हे लोकगीत. (लिहिताना त्यात ‘घ’सारखे अक्षर असते, उच्चारात ते विरून जाते.) त्याचा सर्वांत रंगतदार प्रकार ‘स्पिर्तु प्रोन्त’, म्हणजे हजरजबाबी. दारूच्या गुत्त्यात तीन गिटारवाले बसतात. दोन किंवा चार गायक, कोणाचे हात पाठीमागे, कोणाचा हात जोडीदाराच्या खांद्यावर, समोरासमोर उभे राहतात. आणि एकाने टाकलेल्या चार ओळींच्या कडव्याला दुसऱ्याने त्याच ठिकाणी रचलेल्या कडव्याने उत्तर द्यायचे असते. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक जुळलेच पाहिजे. दोन कडव्यांच्या मध्ये मुख्य गिटार जी बोटे फिरवते, तेवढाच अवधी गायकाला विचाराला मिळतो. एकमेकांचे नाव घेऊन टोमणा मारणे हलकेपणाचे मानतात. जाणकार श्रोता आडवळणाने मारलेल्या कोपरखळीवर मान डोलावतो. हे सुमारे तासभर चालते. दुसऱ्या प्रकारात, ‘तल-फात्त’मध्ये, एकच गायक खून, बुडालेले जहाज किंवा गाजलेला खटला अशी घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत गातो. तिसरा ‘ला बोर्मलिझा’, अतिशय उंच पट्टीचा. तो मुळात झऱ्यांवर धुणे धुणाऱ्या आणि गच्च्यांवरून एकमेकींशी बोलणाऱ्या बायकांचा होता. पुरुष आज तो गातात तेव्हा त्यांना आवाज ताणून बायकी उंचीवर न्यावा लागतो.

या गाण्यातली सुरांची वळणे अरबी वळणाची वाटतात, गिटार व तिचा स्वरमेळ युरोपीय आहे. पुन्हा ‘क्मामर’च. शिकलेल्या शहरी माल्टी लोकांनी या गाण्याकडे दीर्घकाळ नाक मुरडले. गुत्त्यात गाणाऱ्या बाईला तर चारित्र्यावरचे शिंतोडे झेलावे लागत. २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ‘आना’चा समावेश झाल्यावर तेच लोक अभिमानाने बोलू लागले. मला त्याचे वाईट वाटत नाही. फक्त रंगमंचावर ध्वनिक्षेपक लावून गायलेला आना आणि गुत्त्यातला आना यांत फरक आहे, तो आपण ऐकताना ध्यानात ठेवावा.

दुसरी मोठी गोष्ट ‘फेस्ता’, म्हणजे गावच्या संताचा उत्सव. २०२३ पासून तोही त्या यादीत आहे. उन्हाळ्यात असा आठवडा क्वचितच जातो की कोठेतरी फेस्ता नाही. चर्चच्या भिंतींवर तांबडे रेशमी पडदे चढतात, संताची मूर्ती कोनाड्यातून बाहेर येते, सकाळच्या वाजतगाजत निघालेल्या मिरवणुकीत तरुण मंडळी घामाघूम होऊन नाचतात आणि गच्च्यांवरून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतो. मधबदामाच्या वडीसारखी मिठाई विकली जाते. तिचे ‘उब्बायत’ हे नावही अरबीच. शोभेची दारू तयार करण्यासाठी गावाबाहेर स्वयंसेवकांची कोठारे असतात, त्यांत स्फोट होऊन माणसे दगावतात, आणि तरीही पुढच्या वर्षी त्याच कुटुंबातला मुलगा तेथे काम करताना दिसतो.

हे सारे अतिप्राचीन दिसते, पण यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकातला आहे. पितळी वाद्यांचे बँड त्या काळात ब्रिटिश पलटणी आणि इटली यांच्या नमुन्यावर निघाले. माल्टी लोकांनी ते घेतले आणि प्रत्येक गावात बँडक्लब काढले, बहुधा दोन. एक मुख्य संताचा, दुसरा प्रतिस्पर्धी संताचा. या दोन तटांचे वैर पिढीजात चालते, त्यापायी सोयरिकी फिसकटतात, आणि पलीकडच्या तटाचा मार्च वाजू लागला की खिडक्या बंद होतात. शिस्तीसाठी तयार झालेले लष्करी वाद्य भाऊबंदकीचे हत्यार झाले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एवढे नक्कीच योजले नसावे.

२९ जूनच्या ‘इम्नार्या’ सणाचे वळण वेगळे, शेतकरी आहे. आदल्या रात्री रबातजवळच्या बुस्केत्त राईत लोक जमतात, ससा खातात, दारू पितात आणि रात्रभर आना ऐकतात. दुसऱ्या दिवशी चढावर घोड्यांच्या व गाढवांच्या शर्यती होतात आणि जिंकणाऱ्याला मिळालेले जरतारी निशाण तो गावच्या चर्चला देतो. सशाच्या जेवणाला ‘फेन्काता’ म्हणतात: आधी सशाच्या रश्श्यातली शेवयांसारखी स्पॅगेटी, मग लसूण, तमालपत्र आणि दारू घालून शिजवलेले मांस. सरदारांच्या राज्यात शिकारीवर वेळोवेळी बंदी होती. अशा बंदीचा राग १७७५ मध्ये पाद्र्यांनी केलेल्या उठावामागच्या कारणांपैकी एक होता. ससा खाण्यात अजूनही थोडी खोडी काढल्याचा आनंद दिसतो तो त्यामुळेच असावा.

समुद्राविषयी त्यांची म्हण आहे की समुद्राचे पोट मऊ पण डोके कठीण. ऑगस्टच्या मध्यापासून कोळी ताडाच्या झावळ्यांचे तराफे पाण्यावर सोडतात. सावलीला ‘लाम्पुकी’ मासे जमले की भोवती जाळे टाकतात. मार्साश्लोक बंदरातल्या निळ्या-पिवळ्या ‘लुत्सु’ होड्यांच्या नाळेवर डोळे कोरलेले असतात आणि ते फिनिशियन काळापासूनचे आहेत असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. अखंड परंपरेचा पुरावा मात्र नाही. वाईट नजरेची भीती खरी आहे. शेतघरांवर बैलाची शिंगे टांगतात, आणि ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मंत्रून आणलेल्या ऑलिव्हच्या काड्यांची घरात धुरी देतात. विहिरीत वाकून पाहणाऱ्या पोरांना गिळणारी ‘बेल्लीआ’ ही मात्र सरळ आयांनी केलेली सोय आहे, कारण पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या या बेटावर घरोघरी विहीर असे.

आपण यापुढे वाचणार असाल तर मान्वेल माग्री या जेझुइट पाद्र्याच्या संग्रहापासून सुरुवात करावी. १९०७ मध्ये मृत्यू होण्यापूर्वी त्याने शेतकऱ्यांच्या तोंडून कथा उतरवून घेतल्या. त्यांच्या जगातला लाडका वेडा ‘जहान’. तो अरबांचा जुहा आहे आणि सिसिलीत जुफा म्हणून भेटतो. रविवारी आई मिस्सेला निघताना त्याला सांगते, “मागून येताना दार ओढून घे.” थोड्या वेळाने प्रार्थना चालू असताना चर्चच्या फरशीवर काहीतरी खरवडत येत असल्याचा आवाज होतो, सगळे मागे वळून पाहतात, तर जहान बिजागऱ्यांतून उपटलेले घराचे दार पाठीमागून ओढत वेदीकडे चाललेला असतो.